सायकल डायरी, डिसेंबर: पवनार, टीव्ही टॉवरचा चढ आणि एक जुना वाद

आधी आकडा सांगून टाकतो: ४२६ किमी, पवनारची लांब राइड धरून. वय ६९, स्टेंट दोन, सायकल हायब्रिड, आठ वर्षं जुनी. गेल्या डिसेंबरात हाच आकडा ९० होता. अँजिओप्लास्टीला तेव्हा तीनच महिने झाले होते आणि नागपुरातल्या फुटाळा तलावाच्या पुढे जायची घरून परवानगी नव्हती.

टीव्ही टॉवरचा चढ आता न उतरता होतो. बाहेरगावच्यांना सेमिनरी हिल्सचा चढ हा चढ वाटणारच नाही, पण आमच्या सपाट गावाचा घाट तोच. मागे सगळ्यात मोठी चकती टाकायची आणि बसल्या बसल्या वर जायचं. घड्याळातले ठोके मी बघत नाही. ठोक्यांची कमाल मर्यादा काढायला २२० मधून वय वजा करायचा हिशोब बीटा ब्लॉकर घेणाऱ्याला लागूच पडत नाही, कारण गोळी ठोके वर जाऊ देत नाही. म्हणून परीक्षा एकच: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय का? मला येतं. शेजारच्याला ऐकायचं नसतं, तो भाग वेगळा.

ऑक्टोबरात आमच्यातले रेल्वेवाले गेले. ग्रुपात आम्ही एकमेकांना नोकरीवरूनच ओळखतो, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी. "सायकलवर बसल्या बसल्या गेलो पाहिजे बाप्पा, दवाखान्यात नाही," हे त्यांचं वाक्य सहा वर्षं दर रविवारी तर्री-पोह्याच्या प्लेटीवर ऐकलं. आम्ही सगळे माना डोलवायचो, कारण ज्याच्या त्याच्या मनात तेच. प्रत्यक्षात वाट्याला आले आयसीयूतले २१ दिवस, त्यातले सोळा व्हेंटिलेटरवर. डॉक्टर रोज मुलाला विचारायचे, पुढे काय करायचं? तो पुण्याहून आलेला, डोळे सुजलेले. मला कॉरिडॉरमध्ये म्हणाला, "काका, बाबा याबद्दल कधी काही बोललेच नाहीत."

बोलले होते ना. दर रविवारी. आमच्याशी.

त्यांची सायकल अजून गॅलरीत उभी आहे. काकू म्हणाल्या, ठेवून ठेवून टायर तडकतील, तुम्ही बघा. म्हणून पंधरा दिवसांनी पंप घेऊन जातो, हवा भरतो, चेनला दोन थेंब तेल देतो. सीटच्या दांड्यावर त्यांनी आपल्या उंचीची खूण म्हणून लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. ती मी हलवली नाही. चालवून बघा म्हणतात, पण माझे पाय पुरत नाहीत.

तर वाद. नोव्हेंबरात गोरेवाड्याकडे चहाला थांबलो असता बँकवाल्यांनी पुन्हा तेच टुमणं लावलं, की आपल्याला बुवा मरण सायकलवरच यावं. आमच्यात निवृत्त मेट्रनबाई आहेत. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेला, आवाज अजून तसाच.

"काय म्हणून राहिले भाऊ तुम्ही? रस्त्यावर मराल, अन् मग? अकस्मात मृत्यूची नोंद होते. पंचनामा होते, पोस्टमॉर्टेम होते. घरचे संध्याकाळपर्यंत शवागाराच्या बाहेर बसतात. अन् पहिला जबाब कोणाचा घेतील? मागून येणाऱ्याचा. मागे कोण असते नेहमी?"

कोणी बोललं नाही. मागे नेहमी त्याच असतात.

वर त्यांनी हेही ऐकवलं की पडलं की लगेच सुटका, हा गैरसमज आहे. आमच्यातले निम्मे रक्त पातळ करायच्या गोळ्या घेतात. अशा माणसाचं डोकं आपटलं तर वरून काही दिसत नाही आणि आत तासन्‌तास रक्त साचत जातं. म्हणजे मरणही नाही आणि धड जगणंही नाही, असं मध्येच अडकायची पुरती सोय. त्या दिवसापासून बँकवाले हेल्मेटचा पट्टा लावतात. आधी हेल्मेट होतं, पट्टा लोंबत असायचा.

पवनार. पहाटे सव्वापाचला निघालो, तिघंच. बुटीबोरीपर्यंत ट्रकांच्या कडेकडेने, जीव मुठीत. वर्ध्याच्या रस्त्याला लागल्यावर मोकळं वाटलं. केळझरला गणपतीला हात जोडून केळी खाल्ली. धाम नदीच्या काठी आश्रमात पोचलो तेव्हा मांड्या थरथरत होत्या. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये, हृदयविकाराचा झटका आल्यावर, इथेच अन्न आणि औषध थांबवलं आणि १५ तारखेला गेले. वय ८७. ते जमणारी माणसं वेगळी. मला जेवण तासभर लांबलं तरी चिडचिड होते. पण पायरीवर बसून बूट सैल करताना मनात आलं, भोवतीच्या सगळ्यांना त्यांचं म्हणणं ठाऊक होतं. कोणाला कॉरिडॉरमध्ये अंदाज बांधत उभं राहावं लागलं नाही.

परतीला उलटा वारा. सेलूच्या पुढे पोटरीत असा गोळा आला की सायकल सोडून रस्त्याकडेला बसलो. बँकवाल्यांनी पुडीतलं मीठ दिलं, मेट्रनबाईंनी अंगठा धरून पाऊल वर ओढलं. १३८ किमी, थांबे धरून साडेअकरा तास. वेगाचं कौतुक सांगण्यासारखं नाही.

पुढच्या आठवड्यात लिव्हिंग विल केलं, म्हणजे शेवटच्या आजारात उपचार कुठवर करायचे हे आधीच लिहून ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली, पण मॅजिस्ट्रेटच्या सहीच्या अटीमुळे कोणी वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ती अट निघाली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. बरं व्हायची आशा नसेल तर मला मशीनवर ठेवू नका, एवढंच त्यात आहे. कागद दाखवला की प्लग काढला, असंही नाही. आधी डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात. साक्षीदार म्हणून हेच दोघे, तिघंही सायकलने सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ गेलो. नोटरीने हेल्मेटं बघून विचारलं, "आजच काही प्रोग्राम आहे का काका?"

घरी सांगणं हे खरं अवघड. पवनारहून आलो तेवढा घाम त्या दहा मिनिटांत आला. मुलीने फोनवर ऐकून घेतलं आणि बराच वेळ गप्प राहिली. हिने कागद वाचला, घडी घालून लॉकरच्या किल्ल्यांच्या डब्यात ठेवला आणि म्हणाली, "माझाही करून आणा."

सीटखालच्या पिशवीत आता पंक्चर किटबरोबर एक कार्ड आहे: नाव, रक्तगट, गोळ्या, दोन फोन नंबर. प्लास्टिकमध्ये घालून, कारण पावसाळ्यात मागचं कार्ड लगदा झालं होतं.

जानेवारीत उमरेड रोड बघायचा विचार आहे. त्याआधी या रविवारी सहाला लॉ कॉलेज चौकात जमायचं, राइड छोटी. मेट्रनबाई सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्याची छाती दाबायची पद्धत, शिकवणार आहेत: मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती पाच सेंटीमीटर खाली गेली पाहिजे, आणि एकाने तेवढ्यात १०८ लावायचा. एकमेकांच्या छातीवर सराव करायचा नाही, असं त्यांनी बजावलं आहे. घरून एक जाड उशी आणा.