गांदाच्या चढावर, पाचव्यांदा

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५. रात्र.

लोंबार्दिया, इटलीतली मोठी एकदिवसीय सायकल शर्यत, झाली. स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार जिंकला, सलग पाचव्यांदा. शर्यत कोमोहून निघून बेर्गामोला जायची होती. पासो दि गांदाच्या चढावर त्याने वेग वाढवला आणि बघता बघता त्याच्या चाकामागे कुणी उरलं नाही. एवेनेपुल दुसरा आला, पण त्याची झुंज तिसऱ्या क्रमांकाशी चालली होती, पहिल्याशी नव्हे. फाउस्तो कोप्पीनेही ही शर्यत पाच वेळा जिंकली होती, पण एकापाठोपाठ पाच त्यालाही जमल्या नव्हत्या.

वर्षभर ज्यांच्याशी मी सायकल शर्यतींवर भांडते, त्यांतल्या निम्म्यांनी आज टीव्हीवर शर्यत लावलीच नाही. निकाल ठाऊक असलेली गोष्ट चार-पाच तास कशाला बघायची, असं त्यांचं म्हणणं. उरलेले निम्मे भारावलेले आहेत. सत्तरच्या दशकातल्या एडी मर्क्सनंतर असा खेळाडू झाला नाही, तो आपल्या डोळ्यांदेखत खेळतोय आणि लोक कंटाळलो म्हणतात, याचं त्यांना दुःख होतं. मी आज शेवटपर्यंत बघितलं. पण बघताना एक गोष्ट सारखी मनात येत होती, ती इथे लिहून ठेवते.

आम्ही चाहते ‘वर्चस्व’ म्हणून जे काही बोलतो त्यात दोन वेगळ्या गोष्टी कालवून टाकतो. एक माणूस इतरांपेक्षा खूप बलवान असणं ही एक गोष्ट. एका संघाने सगळी शर्यत मुठीत ठेवणं ही दुसरी. आणि त्या दुसऱ्या गोष्टीतही माझ्या लेखी खरा प्रश्न वेगळाच आहे: त्या संघाने आपली ताकद काहीतरी घडवायला वापरली, की काही घडूच नये म्हणून वापरली?

स्काय संघाची वर्षं आठवली की अजून मन खट्टू होतं. २०१२ ते २०१९ या आठ वर्षांत सात वेळा टूर द फ्रान्स त्या एका संघाकडे गेली. विगिन्स, मग चार वेळा फ्रूम, मग टॉमस, आणि इनिऑस असं नाव बदलल्यावर बेर्नाल. मध्ये फक्त २०१४ साली निबाली. त्यांची पद्धत साधी होती. घाट लागला की संघातले चार-पाच जण एका ओळीत पुढे येत आणि असा वेग धरत की दुसऱ्या कुणाला हल्ला करण्याइतकी शक्तीच शिल्लक राहू नये. एक दमला की बाजूला व्हायचा, पुढचा वारा झेलत ओळ ओढायचा. त्यांच्यातले कितीतरी मदतनीस दुसऱ्या संघात असते तर स्वतः नेते झाले असते. कुणी पुढे निसटलाच तर त्याच्यामागे धावायची गरज नसे. तो थोड्या वेळाने आपोआप हाती लागे. त्या ओळीकडे बघताना कौशल्याचं कौतुक वाटायचं, पण तासाभरानंतर लक्षात यायचं की ही सगळी मेहनत शर्यत होऊ नये यासाठी चालली आहे. २०१२ मध्ये ला तुस्विरच्या चढावर तर फ्रूम आपल्याच नेत्याला, विगिन्सला, मागे टाकून निघाला आणि कानातल्या रेडिओवरून सूचना आल्यावर थांबला. त्या दिवशी टूरमध्ये त्या दोघांइतकं तगडं दुसरं कुणी दिसत नव्हतं, आणि त्या दोघांना आपसात भिडायची मुभा नव्हती.

पण फ्रूमला त्या ओळीपुरताच मानणं हा अन्याय होईल. २०१८ च्या जिरोत, म्हणजे टूरसारख्याच इटलीतल्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत, कोल्ले देल्ले फिनेस्त्रेच्या कच्च्या रस्त्यावर, शेवटाला ८० किलोमीटर बाकी असताना तो एकटा सुटला आणि त्याने ती जिरो पालटली. त्याच दिवशी गुलाबी जर्सीतला, म्हणजे तोवर आघाडीवर असलेला, सायमन येट्स कोसळला आणि जवळपास ३९ मिनिटं मागे पडला.

आता याच्या उलट २०२२ च्या टूरचा अकरावा टप्पा घ्या. मला कुणी या खेळातला एकच दिवस निवडायला सांगितला तर मी तोच निवडेन. पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे टूरमध्ये आघाडीवर होता आणि माणसाला माणूस म्हणून तेव्हाही तोच सर्वांत बलवान वाटत होता. युम्बो-विस्मा संघाकडे मात्र दोन नेते होते, रोग्लिच आणि विंगेगार्ड. गालिबिएच्या चढावर ते आळीपाळीने हल्ले करत राहिले. एकाला पकडावं तर दुसरा निघे. पोगाचारने प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर दिलं, हसत हसत दिलं, आणि तिथेच त्याची शिदोरी संपली. पुढे कोल द्यु ग्रानोंवर विंगेगार्ड सुटला तेव्हा त्याच्या पायांत काही उरलं नव्हतं. २ मिनिटं ५१ सेकंद गेली आणि पिवळी जर्सीही गेली. तेही संघाचंच वर्चस्व होतं. त्या संघात पैसा होता, नियोजन होतं, आहाराचा आणि सरावाचा पै-पैचा हिशोब होता. पण ती ताकद बलाढ्य माणसाला पाडण्यासाठी खर्च झाली, शर्यत निजवण्यासाठी नाही. त्या दिवसाला कंटाळवाणा म्हणणारा चाहता मला आजवर भेटलेला नाही.

त्याच टूरमध्ये काही दिवसांनी स्पांदेलच्या उतारावर पोगाचार पडला आणि विंगेगार्ड त्याच्यासाठी थांबला. दोघांनी हात मिळवले. तेवढं दृश्य पाहून काही जण म्हणाले की हे कसले वैरी, पूर्वीचे बघा. मला हे अजिबात पटत नाही. वैर म्हणजे द्वेष असायलाच हवा असं नाही, एकमेकांना हरवता येतं याचा पुरावा मात्र दोन्हीकडून हवा. पुढल्या वर्षी कोंब्लूच्या टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने घड्याळाशी लढायच्या टप्प्यात, विंगेगार्डने १ मिनिट ३८ सेकंदांनी पुरावा दिला, लगेच दुसऱ्या दिवशी कोल द ला लोझवर पोगाचारने रेडिओवर सांगून टाकलं की मी संपलो. मग २०२४ आणि २०२५ पोगाचारचे. या वर्षी ओताकामवर त्याने विंगेगार्डला एकाच चढावर दोन मिनिटांहून जास्त मागे टाकलं आणि पॅरिसला पोहोचेपर्यंत अंतर ४ मिनिटं २४ सेकंद झालं.

मी विंगेगार्डच्या बाजूची आहे, हे रोजनिशीत लपवण्यासारखं नाही. एप्रिल २०२४ मध्ये बास्क प्रदेशातल्या शर्यतीत तो पडला. फुफ्फुसाला इजा, बरगड्या आणि गळ्याचं हाड मोडलेलं. जुलैत ल लिओराँला त्याने पोगाचारला शेवटच्या मीटरांत हरवलं आणि बोलता बोलता रडला. ती टूर तो ६ मिनिटांहून अधिक फरकाने हरला, तरी माझ्यासाठी त्या वर्षीचं सायकलिंग म्हणजे तो दिवस. पोगाचारने त्या वर्षी जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद तिन्ही जिंकलं. त्याआधी हे फक्त मर्क्सला १९७४ मध्ये आणि स्टीफन रोशला १९८७ मध्ये साधलं होतं. एवढा मोठा पराक्रम, आणि मला आठवतो त्याच्या शेजारी हरलेल्या माणसाने जिंकलेला एक टप्पा.

हे माझ्याच बाबतीत होतं असंही नाही. फ्रान्समध्ये १९५७ ते १९६४ या काळात आंकतिलने पाच टूर जिंकल्या आणि लोकांनी जीव लावला पुलिदोरला. १९६४ मध्ये पुई द दोमच्या चढावर ते दोघे खांद्याला खांदा घासत गेले. पुलिदोरने शेवटी त्याला मागे टाकलं, पण पिवळी जर्सी १४ सेकंदांनी आंकतिलकडेच राहिली. पुलिदोर आठ वेळा टूरच्या पहिल्या तिघांत आला आणि एक दिवसही ती जर्सी त्याच्या अंगावर चढली नाही. २०२१ मध्ये ती त्याच्या नातवाने, मातियू फान डर पूलने, मिळवली. त्या वेळी आजोबा जाऊन दीड वर्ष झालं होतं.

रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळ.

रात्री लिहायचं राहून गेलं ते रागाबद्दल.

१९७५ साली त्याच पुई द दोमवर एका प्रेक्षकाने मर्क्सच्या पोटात ठोसा मारला. तो सहावी टूर जिंकेल हे काहींना सहन होत नव्हतं. पुढच्याच टप्प्यात, प्रा लूच्या चढावर, फ्रान्सच्या तेव्हनेने त्याला गाठलं आणि मर्क्सच्या अंगावर पुन्हा कधी पिवळी जर्सी आली नाही. २०१५ मध्ये फ्रूमवर लघवी फेकली गेली. २०१८ मध्ये आल्प द्युएझ जिंकलेल्या टॉमसला व्यासपीठावर हुर्यो ऐकावी लागली. या वर्षी पॅरिस-रूबे शर्यतीत फान डर पूलच्या तोंडावर पाण्याची बाटली भिरकावली गेली. चुरस हवी म्हणणाऱ्यांनी हे स्पष्ट शब्दांत नाकारलं पाहिजे. रस्त्यावर खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यात हातभराचंही अंतर नसतं, तिकीट नसतं, बहुतेक ठिकाणी कठडाही नसतो. या खेळाचं सगळं वैभव त्या विश्वासावर उभं आहे.

संशयाचंही तसंच. उत्तेजक द्रव्यांमुळे आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं २०१२ मध्ये काढून घेतली गेली, आणि तेव्हापासून कुणी जास्त जिंकू लागला की चाहत्यांच्या कपाळावर आठी पडते. आठी समजू शकते. पण पुराव्यावाचून नाव घेऊन बोट रोखणं मला मान्य नाही, मग तो मला न आवडणाऱ्या संघातला का असेना.

आता प्रश्न पोगाचारच्या यूएई संघाचा. या हंगामात त्यांनी एका वर्षात ८५ विजयांचा २००९ पासूनचा विक्रम मोडला. पोगाचार नसलेल्या शर्यतीतही त्यांच्याकडे आल्मेइदा आहे, येट्स बंधूंपैकी अ‍ॅडम आहे, देल तोरो आहे. लोक म्हणतात, आता स्कायच परत आलं. मला मे महिना आठवतो. जिरोच्या शेवटून दुसऱ्या दिवशी देल तोरो गुलाबी जर्सीत होता, कारापास ४३ सेकंदांवर आणि सायमन येट्स त्याच्याही मागे. चढ पुन्हा तोच, फिनेस्त्रे. देल तोरो आणि कारापास एकमेकांच्या चाकावरून नजर हटवेनात. तू ओढ, नाही तू ओढ, असं चाललं असताना सायमन येट्स निघून गेला. वरती गेल्यावर त्याच्या संघाचा वाऊट फान आर्ट त्याच्यासाठी थांबलेला होता. सकाळीच तो पुढच्या तुकडीत गेला होता तो याचसाठी. खोऱ्यात त्याने येट्सला असा ओढला की मागच्यांना आशाच राहिली नाही. ज्या रस्त्याने येट्सची एक जिरो गिळली होती, त्याच रस्त्यावर सात वर्षांनी त्याने दुसरी जिंकली. सगळ्यांत श्रीमंत संघ, सगळ्यांत तरुण नेता, गुलाबी जर्सी, आणि तरी हरले. प्रतिस्पर्धी तिघे होते आणि त्यांनी दोघांचाच हिशोब ठेवला.

अशा दिवसांना कुठला नियम बनवून जन्माला घालता येईल असं मला वाटत नाही. संघांच्या खर्चावर मर्यादा आणायची चर्चा मधूनमधून होते, ती व्हावी. २०१८ पासून मोठ्या शर्यतींत संघात नऊऐवजी आठ जण केले, तेव्हाही हेतू ओळ मोडण्याचा होता, आणि पुढची दोन वर्षं स्काय-इनिऑसनेच टूर नेली. पण संघांनी ताकद खर्च करायचं धाडस दाखवलं तर आठ काय आणि नऊ काय.

पोगाचारबद्दल एक गोष्ट मला त्याच्या विरोधकांनाही मान्य करायला लावायची आहे. त्याला गरज नसताना तो हल्ला करतो, आणि जिथे हरण्याची शक्यता आहे तिथे मुद्दाम जातो. टूर जिंकणारा माणूस रूबेच्या दगडी रस्त्यावर यायचं टाळतो, हा आपण पिढीभर बघितलेला शहाणपणा. हा एप्रिलमध्ये पहिल्यांदाच गेला, एका वळणावर चुकला, पडला, आणि फान डर पूलने सलग तिसऱ्यांदा ती जिंकली. त्याआधी मार्चमध्ये मिलान-सान रेमोत त्याने सिप्रेसाच्या चढावर शर्यत फोडली, फान डर पूल आणि गान्ना त्याच्यासोबत टिकले, आणि शर्यत संपते त्या व्हिया रोमा रस्त्यावर तो तिसरा आला. सान रेमोचे चढ त्याला पुरेसे लांब नाहीत, रूबेला चढच नाही. पाच मोठ्या एकदिवसीय शर्यतींतल्या याच दोन अजून त्याच्या नावावर नाहीत, आणि दोन्हींच्या वाटेत तोच एक माणूस उभा आहे, पुलिदोरचा नातू.

काल लोंबार्दिया न लावलेल्यांना मी सकाळी एवढंच कळवलं आहे की मार्चमध्ये सान रेमो आहे, तेव्हा सिप्रेसाच्या पायथ्यापासून तरी बसा.