हरभऱ्याच्या रानात शिसं

रविवार, रात्री पावणेदहा

उजव्या हाताच्या तर्जनीला चीर पडली आहे, पेन धरवत नाही. मासे धरायच्या रॉडवरून तंगूस सुटताना बोट कापलं. सकाळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती दुसऱ्या फेकीनंतर कधी गळून पडली ते कळलंच नाही. तरी आज लिहायचंच. उद्यावर ठेवलं तर आकडे तेवढे राहतील आणि बाकीचं निसटून जाईल.

आज आमची फेकीची स्पर्धा झाली. आपापसातलीच. अकरा माणसं, सात रॉड, बक्षीस म्हणून एक फेटा आणि नारळ. गळ नाही, आमिष नाही, पाणीसुद्धा नाही. तंगुसाच्या टोकाला १०० ग्रॅमचं शिसं बांधायचं आणि लांबात लांब फेकायचं. प्रत्येकाला तीन फेकी, त्यातली सगळ्यात लांबची धरायची. बांधावर बसलेल्या सालगडी दादांनी विचारलं, "मासाच न्हाई तर ह्यात हाय काय?" मी रॉड त्यांच्या हातात दिला. पहिलं शिसं पायापुढं पंधरा पावलांवर पडलं. दुसरं चाळीसेक मीटर गेलं. मग त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला नाही; "अजून एक टाकू का?" एवढंच विचारलं.

हे सगळं सुरू झालं २०१६ च्या उन्हाळ्यात. त्याआधी आम्ही तिघंचौघं रविवारी मांजरा धरणावर, धनेगावच्या बाजूला, मच्छीमार संस्थेला पैसे भरून गळ टाकून बसायचो. कटला, रोहू मिळायचे, नशीब असेल तर मरळ. त्या वर्षी पाणी दर आठवड्याला मागं सरकत गेलं. काठ आणि पाणी यांच्यामध्ये गाळाचा पट्टा. वरून पापुद्रा वाळलेला, पाय ठेवला की गुडघ्यापर्यंत आत. त्यामुळं टणक जमिनीवर उभं राहूनच फेकावं लागायचं आणि प्रत्येक रविवारी जास्त लांब. आधी तीस मीटर पुरायचे, मग पन्नास, मग साठ. आमच्या फेकी पाण्यानं लांबवल्या. शेवटी पाणीच संपलं. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. मी स्टेशनकडं गेलो नव्हतो. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही धरणाच्या पोटात, भेगाळलेल्या जमिनीवर उभे होतो. गळ काढून ठेवले होते, नुसती शिशाची वजनं फेकत होतो. काय करावं ते कुणालाच सुचत नव्हतं. तेव्हा भेगांमध्ये गेलेली किती शिशी तिथंच राहिली, देव जाणे.

गेल्या पावसाळ्यात धरण भरलं. आम्ही जिथं उभं राहून फेकायचो, ती जागा आता खोल पाण्याखाली आहे. म्हणून यंदा फेकीसाठी रान शोधावं लागलं. याचा मला इतका आनंद आहे की तो कुणाला समजावून सांगता येणार नाही.

रान आमच्यातल्या तात्यांच्या भाच्याचं. हरभरा काढून झालेला, नांगरट व्हायची आहे. दोनशे मीटर सरळ, मध्ये झाड नाही, विजेची तार नाही. तार नसणं सगळ्यात महत्त्वाचं: कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो, तारेखाली तो उभा धरणं म्हणजे मरण. पहाटे सहाला पोचलो तेव्हा गारठा होता. शेजारच्या शेतात ज्वारीची काढणी चालू, बायका कंबर बांधून कधीच्या कामाला लागलेल्या. आम्ही फक्कीनं दोन रेघा मारल्या, उभं राहायच्या जागेपासून पुढं फाकत जाणाऱ्या. शिसं त्या दोन रेघांच्या आत पडलं तरच फेक धरायची. आणि कुणी फेकत असताना बाकी सगळे त्याच्या मागं, चांगले वीस पावलं. बाजूलासुद्धा उभं राहायचं नाही.

हा नियम मी हट्टानं लावला आहे. हवेचा अडथळा बाजूला ठेवला तरी १०० मीटर जाण्यासाठी शिसं सेकंदाला ३१ मीटरहून जास्त वेगानं सुटावं लागतं, म्हणजे ताशी ११३ किलोमीटर. हवा आहे, मागं ओढत जाणारा तंगूस आहे, म्हणजे खरा वेग त्याहून जास्त. एवढ्या वेगाचं शिसं माणसाला लागलं तर तो जिवानिशी जाऊ शकतो. आणि धोका शिसं नीट जातं तेव्हा नसतो, तंगूस तुटतो तेव्हा असतो. मग ते कुठंही जातं. म्हणून मुख्य तंगुसाच्या पुढं जाड तंगूस जोडतात, त्याला शॉक लीडर म्हणतात. हिशोब सोपा: शिशाच्या दर औंसामागं १० पाउंड ताकद. १०० ग्रॅम म्हणजे साडेतीन औंस, म्हणजे किमान ३५ पाउंडांचा. आम्ही ५० चा लावतो. लांबी इतकी हवी की शिसं खाली लोंबत असताना रिळावर जाड तंगुसाचे पाचसहा वेढे शिल्लक राहतील. फेकीचा सगळा हिसका त्या वेढ्यांवर येतो.

तात्या भूमिअभिलेखातून निवृत्त झालेले. मोजणीची जबाबदारी त्यांची. मी १०० मीटरचा टेप आणला होता, त्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. घरून जुनी शंकू साखळी घेऊन आले होते. एक साखळी ३३ फूट, तिचे सोळा आणे. फेक पडली की ते आणि माझी पुतणी साखळी ओढत जायचे आणि तिकडून आवाज यायचा, "आठ साखळ्या चार आणे!" मग मी वहीत मीटर काढायचो. ८३. ही माझी पहिली फेक.

दुसऱ्या फेकीत माझा तंगूस तुटला. चूक संपूर्ण माझी. जाड आणि बारीक तंगुसाची गाठ मी काल रात्री मारली होती, थुंकी न लावता कोरडीच आवळली. कोरडी गाठ घासून तापते आणि तिथंच तंगूस कमजोर होतो. हे मी स्वतः इतरांना सांगत असतो. काड्कन आवाज झाला, रॉड हातात हलका झाला, शिसं उजवीकडं वर गेलं आणि ज्वारीच्या बाजूला कुठंतरी दिसेनासं झालं. काम करणाऱ्या बायका त्या वेळी पार दुसऱ्या टोकाला होत्या. तरी माझे पाय पाचदहा मिनिटं थरथरत होते. मी सरळ जाऊन त्यांना हात जोडले, आणि त्यांची न्याहारी होईपर्यंत आम्ही फेकी थांबवल्या. पुढच्या वेळी शेजारच्या रानात काम असेल त्या दिवशी स्पर्धा ठेवायचीच नाही. हे मी इथं लिहून ठेवतो आहे.

त्या मधल्या वेळात भोईवाड्यातले मामा माझ्याजवळ येऊन बसले. मामांचं सगळं आयुष्य पागजाळ्यावर, म्हणजे पाण्यावर फेकून पसरायच्या गोल जाळ्यावर गेलं. २०१६ ला धरण आटलं तेव्हा ते दीड वर्ष पुण्याला बांधकामावर होते. आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते उंदरांनी कुरतडलेलं जाळं विणून काढायचं. रॉड त्यांनी आज आयुष्यात दुसऱ्यांदा हातात धरला होता. पहिल्या फेकीत त्यांनी नऊ साखळ्या एक आणा टाकली होती, माझ्यापेक्षा लांब.

"तू हातानं फेकलालास," ते म्हणाले. "जाळं काय हातानं फेकतेत व्हय? हात नुसता धरायला. पाय रोव, कंबर फिरू दे, हात आपोआप येतोय मागून. आन् घाई कशाला करलालास? मासा पळून चाललाय का?"

मी गेली कितीतरी वर्षं जमिनीवरून उचलायची फेक करतो: शिसं मागं जमिनीवर ठेवायचं, रॉडचं टोक खाली, पाठ जवळजवळ फेकीच्या दिशेला, आणि तिथून वळत वर यायचं. सुरुवात संथ, जोर शेवटी, डावा हात छातीकडं खेचायचा आणि उजवा वर ढकलायचा. हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण मामा बोलले तेव्हा कळलं की मी सुरुवातीलाच सगळा जोर ओतून मोकळा होतो. रॉड वाकायला वेळच मिळत नाही. न वाकलेला रॉड म्हणजे नुसती काठी. फेकतो तो वाकलेला रॉड, आपण फक्त त्याला वाकवायचं असतं.

तिसरी फेक. नवी गाठ, यावेळी ओली करून, तीनदा ओढून पाहिलेली. वारा पाठीवर होता. मी डोळ्यांपुढं मामांचं जाळं आणलं: खांद्यावर, कोपरावर, दातात एक टोक, आणि मग ते संथ वळणं, आणि पाण्यावर पडताना उघडलेलं गोल. वळलो. पहिल्या अर्ध्या वळणात काहीच केलं नाही. मग रॉड माझ्या हातात जड होत गेला, आजवर कधी झाला नव्हता इतका, आणि बोट सुटलं. आवाज वेगळा होता. तंगूस कड्यांतून सू-सू करत जात राहिला, जातच राहिला. वर पाहिलं तर शिसं दिसलंच नाही, त्याला बांधलेली लाल फीत तेवढी क्षणभर चमकली.

"नऊ साखळ्या सात आणे!"

९४ मीटर ९३ सेंटिमीटर. शंभर नाहीत. पण बोटातून रक्त येत होतं तेही मला तेव्हा दिसलं नाही.

मामांची शेवटची फेक दहा साखळ्या तीन आणे, १०२ मीटरच्या वर. फेटा तात्यांनी स्वतःच्या हातानं बांधला. अण्णा लातूरहून मोठ्या थाटाचं मल्टिप्लायर रीळ घेऊन आले होते, पण त्याची फिरकी तंगुसापेक्षा जोरात फिरली आणि रिळावर शेवयांचा गोळा झाला. चुंबकाचा ब्रेक घट्ट करून तिसऱ्या वेळी त्यांनी ८८ काढले. पुतणी नववीत आहे, अंगानं काडी. साध्या डोक्यावरच्या फेकीनं तिनं ७१ मीटर टाकले, आणि तिच्या तिन्ही फेकी रेघांच्या बरोबर मधोमध पडल्या. असं आज दुसऱ्या कुणालाही जमलं नाही. मी तिला माझा जुना रॉड देऊन टाकला. घरी आल्यापासून तो तिनं खाली ठेवलेला नाही.

दुपारी बांधावर धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. ज्वारी काढणाऱ्या बायकाही आल्या. त्यांतल्या एका मावशींनी मामांना विचारलं, फेटा कशाचा, लेकीचं लगीन का? मामांनी धरणाच्या दिशेला हात केला आणि म्हणाले, "पाणी हाय म्हणून."

निघताना शिशी मोजली. आणली होती चौदा, हातात आली तेरा. चौदावं माझं, दुसऱ्या फेकीचं. सूर्य मावळेपर्यंत आम्ही अर्ध्या ज्वारीत वाकून फिरलो. फीत त्याला होती, पण सापडलं नाही. शिसं विषारी असतं. उद्या कडबा गुरांपुढं जाणार, त्यात ते पेंढीत बांधलं गेलं तर? भाच्याला सांगितलं, त्या पट्ट्यातला कडबा हलवू नको. तो बरं म्हणाला, पण त्याचीही गाडी उद्या आठला ठरलेली आहे.

शेजारच्या दुकानातल्या पोरानं भंगारात लोखंड शोधायचं यंत्र आहे म्हणून सांगितलं. शिसं त्यात दिसतं का ते त्याला माहीत नाही. दिसो न दिसो, घेऊन जाणार आहे. पुतणीही येते म्हणते, शाळेआधी. पाचचा गजर लावला आहे.