पेशी बघितलीस का?

“म्हणजे पेशी तू बघितलीच नाहीस?”

औंधच्या मेसमध्ये काकूंनी आमटी वाढता वाढता विचारलं आणि माझा घास हातातच राहिला.

रोगप्रतिकारक पेशींवर पीएचडी म्हटल्यावर त्यांना वाटलं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत असेन. म्हटलं, नाही हो काकू, लॅपटॉपवर असतं सगळं.

खरंच की. मी स्टॅटिस्टिक्सवाली, दहावीनंतर बायोलॉजी सुटली ती सुटलीच. आता दोन वर्षं एकच तक्ता बघतेय. आडव्या ओळींत जीन्स, वीस हजारांच्या वर. उभ्या रकान्यांत पेशी. प्रत्येक चौकटीत, त्या पेशीत ते जीन किती चालू होतं त्याचा आकडा. आणि बहुतेक ठिकाणी शून्य. ते जीन खरंच बंद होतं, की चालू असून यंत्राच्या हाती लागलं नाही? या शून्यापायी माझे दिवस जातात. (कोड अडला की रात्रीसुद्धा.)

दुपारी न राहवून शेजारच्या लॅबमधल्या ज्युनिअरला गाठलं. त्याने गिम्साने रंगवलेली रक्ताची स्लाइड लावली, तेलाचा थेंब टाकला, शंभरची लेन्स फिरवली.

तांबड्या पेशींच्या गर्दीत एकच लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पांढरी पेशी. जांभळ्या केंद्रकाने जवळपास सगळी जागा अडवलेली, कडेला निळसर पातळ रेघ. बस, एवढीच.

“ही टी की बी?” मी विचारलं. लिम्फोसाइटचे हे दोन मुख्य प्रकार.

“असं नुसतं बघून नाही कळत, ताई.”

तक्त्यात मात्र मी सीडी३ (टीची खूण), सीडी१९ (बीची खूण) यांची जीन्स बघून चुटकीसरशी सांगते!

उद्या काकूंना काय सांगू? बघितली, पण ओळखता नाही आली?