महिनाभर थांबा, मग आत या

क्रोएशियातल्या दुब्रोव्निकच्या जुन्या बंदरात मोठं जहाज शिरत नाही. थोराड जहाजं पलीकडे ग्रूझच्या धक्क्याला लागतात आणि तिथून माणसं बसने येतात. आमचं मध्यम आकाराचं होतं, ते लोक्रुम बेटाच्या अलीकडे नांगर टाकून उभं राहिलं आणि टेंडर म्हणतात त्या छोट्या बोटींतून आमच्या खेपा सुरू झाल्या. शेवटची टेंडर साडेचारला, हे आदल्या रात्रीपासून लाउडस्पीकरवर, केबिनमधल्या टीव्हीवर आणि उतरताना हातात कोंबलेल्या चिठ्ठीवर इतक्यांदा सांगून झालं होतं की गावाचं नाव विसरलं असतं, पण साडेचार विसरणं शक्य नव्हतं. २०१९ चा सप्टेंबर होता. ऊन चांगलंच तापलेलं.

या पाण्यात जहाज उभं राहिलं की गाव कान टवकारतं, आणि त्याला कारण आहे. दहाव्या शतकातली दंतकथा अशी: व्हेनिसची जहाजं याच जागी, लोक्रुमजवळ आणि ग्रूझला, नांगरून पडली होती. पूर्वेकडे निघालोय, जरा अन्नपाणी भरून घेतो, असं त्यांचं म्हणणं. रात्री स्तोयको नावाच्या पाद्र्याला चर्चमध्ये पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा भेटला. म्हणाला, हे पाणी भरायला आलेले नाहीत, गाव गिळायला आलेत, वेशी लावून घ्या. तो म्हातारा म्हणजे स्वेती व्लाहो, आपण इंग्रजीतून ऐकतो तो सेंट ब्लेझ. गावाने वेशी लावल्या, तटावर माणसं उभी केली आणि व्हेनिसवाले हात हलवत परत गेले. तेव्हापासून व्लाहो हा गावाचा राखणदार. दर ३ फेब्रुवारीला त्याची जत्रा भरते, आणि वेशीवेशीवर तो दगडात उभा असतो, हातावर अख्खं गाव तोलून धरलेलं. त्याच्या चर्चमधल्या चांदीच्या मूर्तीच्या हातातलं गाव तर १६६७ च्या भूकंपाआधीचं आहे. जे पडलं ते कसं होतं, हे पाहायला आज इतिहासकार त्या मूर्तीच्या तळहाताकडे जातात.

जाता जाता एक सांगतो. गोव्यात कुंभारजुव्याजवळ गवंडाळीला साव ब्राझचं चर्च आहे. तो हाच संत. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या दुब्रोव्निकच्या व्यापाऱ्यांचा त्या चर्चशी संबंध असल्याचं क्रोएशियात अभिमानाने सांगतात आणि तिकडची मंडळी मुद्दाम तिथे येऊनही जातात. कागदोपत्री ते किती टिकेल यावर वाद घालणारे आहेत. घालू देत.

तर बंदरातल्या वेशीतून आत शिरलं की दोन मिनिटांत आपण लुझा चौकात असतो. डावीकडे-उजवीकडे बघायच्या आत पाय घसरतो. स्त्रादुन या मुख्य रस्त्याची चुनखडीची फरशी शतकानुशतकं चपलाबुटांनी घासून अशी गुळगुळीत झालीय की कोरडी असूनही ओली दिसते. दोन्ही बाजूंना एका मापाची, एका उंचीची, एका रंगाची घरं. भूकंपानंतर सरकारने ठरवूनच तशी बांधायला लावली: खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानाचं दार मला फार आवडलं. एकाच कमानीत दार आणि खिडकी, खिडकीखाली गुडघ्यापेक्षा थोडी उंच दगडी फळी. गिऱ्हाईक रस्त्यावरच उभं राहणार, माल फळीवरून बाहेर येणार, पैसे आत जाणार. गिऱ्हाइकाला आत घ्यायचंच नाही! आज त्या फळ्यांवर फ्रिजवर लावायची चुंबकं आणि 'गेम ऑफ थ्रोन्स' मालिकेतल्या तलवारींच्या प्रतिकृती मांडलेल्या असतात आणि गिऱ्हाईक खुशाल आत शिरून एसीची हवा खात उभं असतं.

चौकातल्या खांबावर ओर्लांडो नावाचा दगडी शिलेदार आहे, १४१८ सालचा. तलवारीपेक्षा त्याचा हात कामाचा होता. कोपरापुढचा हात, ५१.२ सेंटिमीटर, हे गावाचं कापड मोजायचं अधिकृत माप. भांडण झालं की दोघांनी शिलेदाराकडे जायचं. समोरच्या स्पोन्झा वाड्यात जकात वसूल व्हायची, तिथे कमानीवर लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय की आमची वजनं कोणाला फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत. मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. तागडीवर देव बसवणारं गाव, म्हणजे पक्क्या वाण्यांचं गाव. तेव्हा हे गाव म्हणजे एक छोटं प्रजासत्ताक राज्यच होतं, पण त्यांनी सैन्याच्या जोरावर फारसं काही मिळवलं नाही. तुर्की सुलतानाला वर्षाला १२,५०० सोन्याची नाणी खंडणी द्यायची आणि त्याच्याच मुलखात बिनघोर व्यापार करायचा, असा त्यांचा खाक्या. राज्यप्रमुखाला, म्हणजे क्नेझला, तर ते महिनाभरच खुर्ची देत. त्या महिन्यात त्याने राजवाड्यातच राहायचं, कामाशिवाय बाहेर पडायचं नाही. रोज संध्याकाळी वेशी बंद झाल्या की किल्ल्या त्याच्याकडे जमा. महिना संपला की दुसरा. खुर्ची ऊब धरायच्या आत माणूस बदललेला बरा, हे त्यांना आपल्यापेक्षा पुष्कळ आधी कळलं होतं. नेपोलियनच्या सरदाराने १८०८ मध्ये गाशा गुंडाळायला लावीपर्यंत हा कारभार चालला.

आणि हा महिना आणखी एका ठिकाणी येतो, ज्यासाठी मला हे गाव बघायचं होतं. १३४८ च्या प्लेगने इथली माणसं पटापट मेली. पुढे १३७७ मध्ये गावाच्या महासभेने ठराव केला: साथीच्या मुलखातून येणाऱ्याला थेट गावात प्रवेश नाही. त्याने आधी समोरच्या मृकान बेटावर किंवा शेजारच्या त्साव्तात गावी महिनाभर राहायचं, मग आत यायचं. बाकीची शहरं साथ आली की सरसकट वेशी बंद करत होती. यांना ते परवडणारं नव्हतं, कारण वेस बंद म्हणजे चूल बंद. म्हणून यांनी माणसाला हाकललं नाही, थांबवलं. कायद्याने असं थांबवून ठेवण्याची जगातली ही सर्वांत जुनी नोंद. पुढे प्लोचे वेशीबाहेर त्यासाठी लाझारेती बांधल्या: समुद्राकाठी ओळीने दहा लांबलचक दगडी दालनं, मध्ये अंगणं, आणि पहारा. बाल्कनच्या डोंगरातून आलेले तांडे तिथे उतरायचे. माल वाऱ्यावर टाकायचा, माणसं उन्हात बसायची, दिवस मोजायचे.

त्या सप्टेंबरात हे सगळं मी पुरातन गंमत म्हणून ऐकलं. पाच महिन्यांनी कोरोनामुळे जपानमधल्या योकोहामाला साडेतीन हजारांहून जास्त माणसांचं एक क्रूझ जहाज धक्क्यालाच अडकून पडलं, आणि मार्चमध्ये मुंबई विमानतळावर उतरलेल्यांच्या डाव्या हातावर शाईचे शिक्के बसले. पण ते पुढचं.

त्या दिवशी मला कोडं पडलं होतं ते उलट. महिनाभर बाहेर बसवून मग आत घेणारं गाव आता आम्हाला बोटीतून उतरल्याबरोबर आत घेत होतं आणि साडेचारला बाहेर काढत होतं. व्यापारी थांबायचा, मग वखार भाड्याने घ्यायचा, भाषा शिकायचा, क्वचित इथेच मरायचा. आम्ही काय करत होतो? तट चढलो. १,९४० मीटरचा फेरा, पुढच्याच्या पाठपिशवीकडे बघत. वरून कौलं दिसतात: बहुतेक भडक केशरी, मध्येच काही जुनी, फिकट. युगोस्लाव सैन्याच्या १९९१-९२ च्या वेढ्यात तटाच्या आतल्या तीन इमारतींपैकी दोन इमारतींवर तोफगोळे पडले होते, हे त्या रंगांवरून कळतं. त्या कौलांखाली वाळत घातलेले टॉवेल होते आणि एक बाई खिडकीतून आमची रांग बघत होती. राहणारी माणसं तटाच्या आत आता फार थोडी उरलीत. जेवायला आमच्यातले निम्मे लोक जहाजावर परतले, कारण ते जेवण आधीच तिकिटात धरलेलं. गावाला आमच्याकडून मिळालं ते एवढंच: थोडी चुंबकं, थोडं आइस्क्रीम आणि फरशीची आणखी थोडी झीज.

म्हणून गावाने पुन्हा मोजायला सुरुवात केली. २०१९ पासून एका वेळी दोनच जहाजं आणि चार हजारच क्रूझ प्रवासी, असा दंडक. वेशींवर माणसं मोजणारे कॅमेरे आहेत. आमच्या टूरमधल्या काहींना ते अपमानास्पद वाटलं: पैसे देऊन आलोय, मोजता काय? मला मात्र बरंच वाटलं. आपल्याला कोणी मोजतंय म्हणजे आपलं ओझं होतंय हे कोणाच्या तरी लक्षात आलंय.

गुंदुलिच चौकातल्या बाजारात आमच्या टूरमधल्या सांगलीच्या काकू एका विक्रेत्या बाईपाशी रमल्या. तिच्याकडे साखरेत घोळवलेल्या संत्र्याच्या साली होत्या, तिकडे अरांचिनी म्हणतात. साल कडू, साखर गोड, आणि चावल्यावर दोन्ही एकदम. काकूंनी मराठीतून आणि बोटांनी भाव केला. बाईने मान हलवून साफ नकार दिला, पुडी तोलली आणि मग वर चार साली जास्तीच्या टाकल्या. पुडीतली एक साल काकूंनी लगेच मला दिली. "भाव करत नाही म्हणाली, पण वरकड घातलंच ना तिने," त्या खूश होऊन म्हणाल्या.

परतीच्या बोटीला वेळ होता, म्हणून आम्ही प्लोचे वेशीतून लाझारेतींपाशी चालत गेलो. आता तिथे नाचगाण्याचे कार्यक्रम होतात आणि हस्तकलेची दुकानं आहेत. गाइडने महिन्याची गोष्ट सांगितल्यावर एकाने विचारलं, एवढे दिवस ती माणसं करायची तरी काय? गाइड घड्याळ बघत होती. काकू कठड्याला टेकल्या, पुडी उघडली आणि म्हणाल्या, "काय करायचं म्हणजे? समोर समुद्र, डोक्यावर छप्पर, बाहेर जायला बंदी. जहाजावर आपण तरी दुसरं काय करतोय हो?"