नोंदवहीतील ‘हरवलेली वस्तू’

जपानमधील एका वृद्धाश्रमात मी काइगोचे, म्हणजे वृद्धांच्या रोजच्या शुश्रूषेचे काम करते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘तोकुतेई गिनो’, म्हणजे ठरावीक कौशल्य असलेल्या परदेशी कामगारांसाठीच्या व्हिसावर आपल्याकडच्या मुली येथे येऊ लागल्या, तेव्हापासून नव्या मुलीला शब्दांची ओळख करून देण्याचे काम आपोआप माझ्याकडे येते. या खेपेस सांगलीकडची एक मुलगी आली. दात घासायची हाबुराशी, अंगाला लावायचा सेक्केन, नखे कापायची त्सुमेकिरी, कान कोरायची मिमिकाकी, सारे तिला तोंडपाठ होते. काइगोच्या जपानी भाषेची परीक्षा ३० मिनिटांत १५ प्रश्नांची असते आणि ती हुशार मुलीला जड जात नाही. परंतु त्या परीक्षेतील वृद्ध फारच स्वच्छ आणि नव्या वळणाचे जपानी बोलतात.

वस्तूचे नाव एका संध्याकाळीत पाठ होते, ते कोठे उच्चारू नये हे कळायला मात्र वेळ लागतो. डायपरला ‘ओमुत्सु’ म्हणतात, पण चार माणसांच्या खोलीत तो शब्द मोठ्याने काढणे म्हणजे त्या माणसाचा पाणउतारा करणेच. म्हणून पडदा ओढून आम्ही ‘साप्पारी शिमाश्यो का’, म्हणजे जरा ताजेतवाने होऊ या का, एवढेच विचारतो. कवळी म्हणजे ‘इरेबा’ हे तिला ठाऊक होते. मात्र पूर्ण कवळी काढताना खालची आधी आणि बसवताना वरची आधी, टूथपेस्टने ती घासायची नाही कारण ओरखडे पडतात, गरम पाण्यात टाकायची नाही कारण ती वाकडी होते, आणि रात्री ती पाण्यातच ठेवायची, हे तिला मी बेसिनपाशी उभी राहून दाखवले. या कामात माझा हात बसलेला आहे, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

ती घटना संध्याकाळच्या शौचाच्या वेळची. नव्वदी ओलांडलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या एक आजी (येथे कोणाला ‘आजी’ म्हणायचे नसते, आडनावानंतर ‘सान’ लावावे लागते) कमोडवर बसून ‘ओतोशिगामी, ओतोशिगामी’ असे पुन्हापुन्हा म्हणत होत्या. ‘ओतोसु’ म्हणजे खाली पाडणे. माझी तरुण जपानी सहकारी तत्परतेने गुडघ्यांवर बसली आणि ‘काय पडले तुमचे?’ असे विचारत व्हीलचेअरखाली शोधू लागली. आजींचा आवाज चढत गेला. दाराबाहेर आपली पाळी येण्याची वाट पाहत बसलेल्या दुसऱ्या बाई अखेर वैतागून म्हणाल्या, ‘अहो, ती कागद मागते आहे!’

ओतोशिगामी म्हणजे शौचाचा कागद, पण तो जुन्या काळचा, सुट्या चौकोनी तावांचा. धातूच्या झाकणाखालचा कागदाचा रोल आजींच्या उजव्या हाताशीच होता. त्यांना मात्र तो कागद वाटतच नव्हता. सांगलीच्या मुलीने कोणाच्या सूचनेची वाट न पाहता रोलमधला कागद फाडला, त्याच्या चौकोनी घड्या घातल्या आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरला. आजींनी तो घेतला, त्यातला एक तुकडा बाजूला काढला, पुन्हा दुमडून बाहीत खोचला आणि शांतपणे उरलेला वापरला.

त्या रात्री मी त्यांच्या जुन्या नोंदी उघडून पाहिल्या. कित्येक संध्याकाळी ‘पडलेली वस्तू शोधतात, फुओन’ असे लिहिलेले होते. फुओन म्हणजे अस्वस्थता; आमच्या क्षेत्रात हा शब्द फार सोयीचा आहे, कारण तो लिहिला की पुढे कोणी काही विचारत नाही. ज्यांनी हे लिहिले त्यांची मातृभाषा जपानीच. परदेशी मुलींची भाषा कच्ची, अशी तक्रार जिथे सतत ऐकू येते, तिथे ही गोष्ट कोणी बोलून दाखवली नाही.

तरीही माझे पूर्ण समाधान झालेले नाही. दुकानातून सुट्या तावांचा गठ्ठा आणून आम्ही तो आजींच्या हाताशी ठेवला, त्यानंतर बहुतेक संध्याकाळी त्या निवांत असतात; पण एकदा हातात कागद असतानाही त्या तोच शब्द म्हणत राहिल्या आणि त्यांची नजर खरोखरच जमिनीवर फिरत होती. तेव्हा जुन्या नोंदींपैकी किती खऱ्या आणि किती चुकीच्या, हे आता कसे ठरवायचे?

बैठकीत मी सुचवले की इतरांच्याही ‘फुओन’ नोंदी एकदा तपासाव्यात आणि त्या वेळी माणूस नेमके काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत लिहावे. आमच्या प्रमुखांनी मान डोलावली आणि माणसे अपुरी आहेत, असे सांगितले, जे खरेच आहे. टॅब्लेटवरील नोंदीत ‘फुओन’साठी तयार चौकट आहे, ‘काहीतरी मागितले’ यासाठी नाही. म्हणून ती मुलगी आणि मी ऐकलेला शब्द जसाच्या तसा खालच्या शेऱ्याच्या जागेत लिहितो; पुढच्या पाळीतील बहुतेक जण तेवढे खाली जाऊन वाचत नाहीत.