दोन बोटांची फट

चवथीला माशेलला गेले होते. आरत्या आटोपून घर निवांत झालं, तशी भाची लॅपटॉप घेऊन शेजारी येऊन बसली. "मावशी, माझा एसओपी वाचशील?" तिला पीएचडीसाठी अमेरिकेत अर्ज करायचा आहे; एसओपी म्हणजे अर्जासोबतचा, आपलं काम आणि पुढचा बेत सांगणारा निबंध. बऱ्याच विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते, म्हणजे हातात तीनेक महिने.

पहिलं वाक्य होतं, लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे. पुढे गोव्याची हिरवाई, मग पर्यावरण वाचवण्याची गरज. इंग्रजी स्वच्छ. पण या मुलीने वर्षभर काय काम केलं, ते दोन पानं संपली तरी कळेना. शेवटी शेवटी एक ओळ सापडली: खाजन जमिनीतील क्षारतेचा अभ्यास केला.

"म्हणजे नक्की काय केलंस?" म्हटलं, तर तासभर बोलत राहिली.

दिवाडी बेटावरचं खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली नदीकाठची सखल शेतजमीन. तिथली एक मानस, म्हणजे बांधातली दारं बसवलेली पाण्याची वाट. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने तिची लाकडी दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून नदीत जातं. खारं पाणी असं बाहेर राहतं म्हणून आत भात पिकतं. हिच्या नमुन्यांचे आकडे मात्र एक दिवस इकडे, एक दिवस तिकडे. मानशीवर मासे धरणाऱ्या काकांनी तिला दार दाखवलं: खालचं लाकूड कुजून दोन बोटांची फट पडलेली. भरतीला तिथून खारं पाणी आत येत होतं, आणि हिने वहीत घड्याळातली वेळ लिहिली होती, भरती की ओहोटी ते लिहिलंच नव्हतं. पहिल्या महिन्याचे सगळे नमुने बाद. मग भरती-ओहोटीचं कोष्टक घेऊन तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"इथूनच सुरू कर," मी म्हटलं.

"पण ती माझी चूक ना गं?"

अर्ज वाचणारे बहुधा त्याच विभागातले प्राध्यापक असतात. बाद झालेले नमुने त्यांनीही पाहिलेले असतात. आकडे चुकल्यावर ही मुलगी काय करते, ते त्यांना गुणपत्रिकेत दिसत नाही. तो निबंधच सांगू शकतो. आणि फटीतून पुढचा प्रश्नही आपोआप निघतो: मासळीची पावणी, म्हणजे मानशीवर मासे धरण्याचा हक्क लिलावात घेणाऱ्याला पाणी आत हवं, शेतकऱ्याला नको, मग दार कधी उघडायचं ते कोणी ठरवायचं? ज्या दोन-तीन प्राध्यापकांकडे जायचं आहे, त्यांचे पेपर वाचून हा प्रश्न तिथे कुठे बसतो ते लिही, नुसती नावं नकोत.

एका सेमिस्टरला गुण घसरलेत, तेव्हा आई आजारी होती. त्यावर दोन वाक्यं पुरेत. शिफारसपत्र देणाऱ्या सरांनाही त्याची कल्पना दे. बर्कलीसारखी विद्यापीठं वैयक्तिक वाटचालीवर वेगळा निबंध मागतात, घरचं तिथे सविस्तर लिहिता येतं.

ती काही न बोलता आत गेली. मला वाटलं, मी फारच बोलले.

रात्री उशिरा तिचा मेसेज आला: "मावशी, फट किती सेंटिमीटर होती ते वहीत नाही. काकांना फोन केला, दार अजून तसंच आहे म्हणाले. रविवारी जुन्या गोव्याहून फेरीने जाऊन मोजून येते. साडेदहाला ओहोटी आहे."