मागच्या पाख्याची पन्हळ: रोहिणी ते पुनर्वसू

कुडाळजवळचं आमचं घर जुनं, दुपाखी. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. कौलं गेल्या वर्षी परतून घेतली, छप्पर आता थेंबभर गळत नाही. तरी मागची भिंत पावसाळ्यात हात-दीड हात उंच लाल व्हायची आणि श्रावणापर्यंत चुन्याचे पोपडे सुटायचे. पागोळ्या वळचणीखाली एकाच रेषेत पडतात. तिथे चर पडतो, चरातलं पाणी जोत्यात मुरतं, उडालेला चिखल भिंतीवर बसतो. जांभा सच्छिद्र, पायाशी पाणी मिळालं की वर ओढत राहतो. त्यात आपली हवा दमट, भिंत दिवाळीपर्यंत सुकत नाही आणि वाळवीचं फावतं. पुढच्या बाजूला रुंद पडवी आहे, तिथे यातलं काहीच होत नाही. म्हणून पागोळ्यांचं पाणी झेलणारी पन्हळ फक्त मागे.

रोहिणी

आधी हिशेब. मागचं पाखं जमिनीवर मोजलं तर 30 फूट बाय 12, म्हणजे सुमारे 33 चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ताशी 100 मिमीच्या वेगाने सर आली (आपल्याकडे दहा-पंधरा मिनिटं सहज येते) तर मिनिटाला 55 लिटर पाणी. हंगामात 3000 मिमी धरला तर एकट्या या पाख्यावरून लाखभर लिटर, तेही भिंतीपासून दोन फुटांवर ओतलेलं.

सुतारकाकांनी काम बघून एकच प्रश्न केला : "पन्हळ लावतलंस, पण पाणी सोडतलंस खंय?" सगळं काम खरं तर याच प्रश्नात आहे. पाणी गोळा करून घराच्या कोपऱ्यावरच सोडलं तर आधी 30 फुटांत वाटलेला त्रास एका जागी एकवटतो. त्यापेक्षा पन्हळ नसलेली बरी. आम्ही पाणी खालच्या माडांच्या आळ्यांकडे नेलंय.

मृग

पूर्वी पोफळीचं खोड उभं चिरून, गर कोरून पन्हळ करत. मी 6 इंची पीव्हीसी पाइप उभा चिरला. पत्र्याची पन्हळ दिसते छान, पण आपल्या हवेत गंज लवकर धरते. पीव्हीसीला उन्हाचं वावडं, म्हणून बाहेरून रंगाचे दोन हात. लोखंडी पट्टीचे हूक दर दोन फुटांवर वाशांना मारले. पाणी भरलेली पन्हळ जड होते, अंतर वाढवलं तर मधे झोल पडतो.

उतार लेव्हलच्या नळीने काढला : 30 फुटांना दोन इंच, त्याहून जास्त नको. जास्त दिला तर खालच्या टोकाला कौल आणि पन्हळ यांत फट वाढते आणि वाऱ्याने पाणी मागे वळतं. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बोटभर खाली ठेवली. तुंबली तर पाणी अंगणात सांडेल, भिंतीकडे येणार नाही. एवढी एक गोष्ट कुणीही करताना विसरू नका. पीव्हीसी 25 अंशांच्या फरकाने एवढ्या लांबीत दीडेक सेंटीमीटर वाढतं, म्हणून मधला एक सांधा सोल्यूशनने न चिकटवता रबरी रिंगेवर सैल ठेवलाय.

खाली उतरणारा पाइप हिशेबाने 75 मिमीचा पुरला असता. पण फणसाचं पान त्यातून जात नाही, म्हणून 110चा टाकला.

आर्द्रा

पहिली खरी सर. कौलाच्या टोकावरून पाणी जोरात आलं की पन्हळीच्या पलीकडे उडी मारतं, असं दोन ठिकाणी दिसलं. पन्हळ तेवढ्या भागात इंचभर वर घेतली, बंद झालं. पानं अडवायची जाळी सध्या कोंबड्यांच्या खुराड्याची. मच्छरजाळी लावायचा मोह टाळा, कौलांवरच्या शेवाळाने ती लगेच गच्च होते.

पुनर्वसू

भिंतीवर चिखलाचा शिंतोडा नाही. जुना चर गवताने भरतोय. ओल मात्र अजून आहे. मुरलेलं पाणी एका मोसमात जात नाही, खरा निकाल पुढच्या मे महिन्यात. उघडीप मिळाली की शिडी लावून पन्हळीत हात फिरवतो. पानांमागे साचलेल्या चमचाभर पाण्यातही डेंग्यूच्या डासाची अंडी होतात.

आता पुढचं काम म्हणजे हे पाणी विहिरीकडे वळवायचं. पहिल्या सरीचं घाण पाणी बाजूला काढायला खाली बूच असलेला उभा पाइप टाकायचा विचार आहे. कौलारू छपराला कुणी केला असेल तर किती लिटरचा ठेवला ते सांगा.